संसदेचा वार्ताहर आणि चामोर्शीचा वाचक

वैनगंगेच्या पूर्व तीरावरील, मार्कंडादेवाच्या प्राचीन देवालयसमूहामुळे यात्रेकरूंस परिचित असलेला, धानाच्या बांध्यांनी आणि जंगलाने सारखाच वेढलेला, परंतु आगगाडीचा रूळ ज्याने अद्याप पाहिला नाही असा गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका दिल्लीच्या संसदभवनापासून फार दूरचा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या कायद्यांनी त्या तालुक्यातील माणसाचे दैनंदिन जीवन बांधले गेले आहे, त्यांची यादी कोणी करू लागला, तर भलताच प्रकार दृष्टीस पडतो. जंगलाच्या हद्दीत पाऊल टाकणाऱ्यास अडविणारा १९२७ चा भारतीय वन कायदा, रस्ता, तलाव वा कालवा यांसाठी वनजमीन मागताच आडवा येणारा १९८० चा वनसंवर्धन कायदा, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि जंगल कसणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा, हे चारही दिल्लीचे. मुंबईतील दुकानदारास किंवा पुण्यातील कारकुनास संसदेचे कामकाज ही बव्हंशी सायंकाळची करमणूक असते. चामोर्शीच्या शेतकऱ्यास मात्र तेथील एखाद्या कलमातील एक तारीख बदलली, तर बापजाद्यांची वहिवाट कायदेशीर ठरते किंवा अतिक्रमण ठरते. आणि गंमत अशी, की ज्याला संसदेच्या बातमीची सर्वाधिक गरज, त्याच्याच अंकात ती सर्वांत कमी छापली जाते. राष्ट्रीय लोकप्रतिनिधींच्या मागे आयुष्य घालविणाऱ्या वार्ताहराच्या व्यवसायाचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे, तो या वाचकाच्या बाजूने.

आपल्याकडे या व्यवसायाचे पूर्वज गॅलरीत बसणारे नव्हते, तर सभागृहात बसणारे होते. 'नेटिव्ह ओपिनियन' हे पत्र १८६४ साली काढणारे विश्वनाथ नारायण मंडलिक पुढे गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळाचे सभासद झाले. आगरकरांच्या 'सुधारका'ची इंग्रजी बाजू सांभाळणारे गोखले १९०२ पासून मध्यवर्ती कौन्सिलात अंदाजपत्रकाची चिरफाड करू लागले, आणि नागपुरास १९११ साली निघालेल्या 'हितवादा'च्या मुळाशीही तेच होते. 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर १९२३ च्या निवडणुकीत मध्यवर्ती विधिमंडळात गेले. आणि वणीचे माधव श्रीहरी अणे, ज्यांना विदर्भ बापूजी म्हणून ओळखतो, त्यांनी यवतमाळास १९१८ साली 'लोकमत' साप्ताहिक काढून पुढे त्याच विधिमंडळात दीर्घकाळ कामगिरी केली. सभासदाने भाषण करावे आणि त्याच्याच पत्राने ते छापावे, अशी ही व्यवस्था. तिच्यात परकीय सरकारविरुद्ध उभे राहण्याचे तेज होते, परंतु प्रतिनिधीचे माप घेणारा तिसरा माणूस तिच्यात नव्हता. तो स्वराज्यानंतर आला, आणि तोही सावकाश. मराठी पत्रांना दिल्लीत स्वतंत्र माणूस ठेवणे परवडत नसे, म्हणून वृत्तसंस्थेच्या इंग्रजी तारेचा मराठी तर्जुमा करून पान भरीत. देशी भाषांतून वृत्त पुरविण्यासाठी दादासाहेब आपटे यांनी १९४८ साली 'हिंदुस्थान समाचार' ही संस्था स्थापन केली, ती याच अडचणीतून. पुढे मोठ्या मराठी दैनिकांनी आपापले विशेष प्रतिनिधी राजधानीत नेमले, आणि संसद-वार्ताहर नावाचा एक वेगळाच इसम आपल्या पत्रसृष्टीत वावरू लागला.

या इसमाचा दिवस कसा जातो, हे वाचकास सहसा ठाऊक नसते. अधिवेशन चालू असले म्हणजे सकाळी अकराला लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. परंतु जाणत्या वार्ताहराचे काम त्याच्या कितीतरी आधी, छापील प्रश्नयाद्या हातात पडतात तेव्हाच सुरू झालेले असते. सभासदांनी मुदतीत दिलेल्या सूचनांतून चिठ्ठ्या काढून प्रश्न निवडले जातात. ज्यांच्यावर तारांकनाची खूण असते, त्यांना मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यावयाचे आणि त्यावर पूरक प्रश्न झेलावयाचे. असे प्रश्न लोकसभेत दिवसाला वीस, आणि त्यांतही तासाभरात प्रत्यक्ष सुनावणी होते ती मूठभरांची. उरलेले, म्हणजे अतारांकित, दिवसाला दोनशे तीसपर्यंत. त्यांची उत्तरे लेखी, सभापटलावर ठेवलेली. गॅलरीत बसणारा नवखा माणूस पूरक प्रश्नांच्या चकमकी टिपतो, कारण त्यांत आवाज असतो, टोमणा असतो, क्वचित हशाही असतो. मुरलेला माणूस दुपारी लेखी उत्तरांचा गठ्ठा घेऊन बसतो. कोणत्या राज्यास किती निधी गेला, किती खर्ची पडला, कोणता प्रकल्प कोणत्या खात्याच्या दप्तरात किती वर्षे पडून आहे, हे मंत्री तोंडाने कधी सांगत नाही; परंतु लेखी उत्तराच्या कोष्टकात त्याला ते द्यावे लागते. बारानंतर शून्य प्रहर. त्यानंतर कधीतरी नियम ३७७ खालील निवेदने, ज्यांत खासदार आपल्या मतदारसंघाचे एखादे गाऱ्हाणे चार ओळींत वाचतो किंवा नुसते पटलावर ठेवतो, आणि ज्याचे उत्तर यथावकाश खात्याकडून त्याच्या पत्त्यावर पत्ररूपाने येते. दूरच्या मतदारसंघांचे आवाज बहुतेक याच निमुळत्या वाटेने सभागृहात शिरतात, आणि याच वेळी गॅलरी बहुतेक रिकामी असते.

सायंकाळी आणखी एक दक्षता बाळगावी लागते. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला शब्द छापणे हा सभागृहाचा विशेषाधिकारभंग ठरतो. म्हणून भांडणाची सर्वांत झणझणीत ओळ वहीत असूनही ती जिवंत आहे की नाही याची खात्री केल्यावाचून तार धाडता येत नसे. तोवर नागपुरास छापखान्याची घाई उडालेली असे, कारण गडचिरोलीकडे जाणारी डाक आवृत्ती शहरच्या आवृत्तीच्या कितीतरी आधी यंत्रावर चढवावी लागे. त्यामुळे असे होई, की दिल्लीत सायंकाळी उशिरा मंजूर झालेले विधेयक नागपूरकर दुसऱ्या दिवशी वाचीत आणि चामोर्शीकर तिसऱ्या दिवशी, तेही शहराच्या अंकात उरलेल्या जागेइतके. वृत्तपत्राच्या अर्थशास्त्राने केलेला हा भेद कोणी हेतुपुरस्सर केला असे म्हणता येणार नाही. परंतु तो झाला खरा.

वार्ताहराच्या या सर्व खटाटोपास कायद्याचा आधार मिळाला तो १९५६ साली, आणि तो सरकारच्या कृपेने नव्हे. सभागृहात सभासद काहीही बोलला तरी त्याच्यावर खटला होत नाही. परंतु तेच बोलणे छापणाऱ्यावर होऊ शकतो, ही विसंगती दूर करण्यासाठी फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक मांडले, आणि संसदेच्या कामकाजाचा मूलतः सत्य वृत्तांत, द्वेषबुद्धीवाचून प्रसिद्ध करणाऱ्यास संरक्षण मिळाले. स्वतंत्र भारताच्या संपूर्ण इतिहासात खासगी सभासदांची अवघी चौदा विधेयके कायदा होऊ शकली, त्यांपैकी हे एक. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्याच फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळाच्या पैशांतून मुंदडा यांच्या कंपन्यांचे भाग कसे खरेदी झाले, याचा पाढा लोकसभेत वाचला, पत्रांनी तो निर्धास्तपणे छापला, छागला आयोग बसला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांस १९५८ च्या फेब्रुवारीत पद सोडावे लागले. परंतु हे संरक्षण वृत्तांतास होते, टीकेच्या भाषेस नव्हते. मुंबईच्या 'ब्लिट्झ'ने आचार्य कृपलानींच्या भाषणावर उपहासाचा लेख छापला, तेव्हा संपादक रुसी करंजिया यांना २९ ऑगस्ट १९६१ रोजी लोकसभेच्या कठड्यापाशी उभे करून समज देण्यात आली आणि त्या पत्राच्या दिल्लीतील वार्ताहराचा गॅलरीचा परवाना काढून घेण्यात आला. पुढे आणीबाणीत प्रश्नोत्तराचा तासच स्थगित झाला, सेन्सॉरच्या कात्रीतून सुटल्यावाचून कामकाज छापता येईना, आणि १९७५ च्या डिसेंबरात फिरोज गांधींचा तो कायदाही वटहुकमाने रद्द झाला. रद्द करणारे सरकार त्यांच्याच पत्नीचे होते, यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. जनता राजवटीने १९७७ साली तो पुन्हा आणला, आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याचे सार थेट संविधानात, अनुच्छेद ३६१-क म्हणून, गोवले गेले.

बाहेरील भयाची ही हकीकत झाली. व्यवसायाच्या आतला धोका निराळा, आणि माझ्या मते अधिक मोठा. जुन्या संसदभवनाच्या मध्यवर्ती सभागृहात खासदार, मंत्री, माजी मंत्री आणि ज्येष्ठ वार्ताहर कॉफीच्या पेल्याभोवती एकत्र बसत. तेथे जे कळे ते गॅलरीत कधी कळले नसते, हे मान्य केले पाहिजे. मंत्रिमंडळ कोणत्या बाजूला कलते आहे, कोण कोणावर रुष्ट आहे, कोणत्या विधेयकाचा मसुदा कोणत्या खात्यात अडला आहे, याचा सुगावा तेथेच लागे. परंतु ज्याच्याबरोबर रोज कॉफी घ्यावयाची त्याच्या कोष्टकातील विसंगती दुसऱ्या दिवशी छापण्यास जी निःसंगता लागते, ती फार थोड्यांत टिकते. 'महाराष्ट्र टाइम्स'चे अशोक जैन यांनी दिल्लीतील आपले लेखन 'राजधानीतून' या नावाने वाचकांपुढे ठेवले. सत्तेच्या निकट राहूनही तिच्याकडे किंचित तिरक्या, विनोदी नजरेने पाहण्याची कला त्यांना साधली होती, आणि पुढे पी. व्ही. नरसिंह रावांची राजकीय कादंबरी 'अंतस्थ' या नावाने त्यांनीच मराठीत आणावी, यात मला विलक्षण औचित्य वाटते. 'सकाळ'चे विजय नाईक यांनी दीर्घकाळ तेथे राहून परराष्ट्र खात्याचा जो व्यासंग केला, त्याचे 'साऊथ ब्लॉक, दिल्ली' हे फळ आहे. ही दोन्ही उदाहरणे आदराने घ्यावी अशीच; तरीही दोघांच्याही दिल्लीत माणसे, डावपेच आणि परराष्ट्रनीती यांना जे स्थान आहे, ते लेखी उत्तरांच्या गठ्ठ्याला नाही, आणि हा दोष त्यांचा नसून मराठी पत्रांनी दिल्लीच्या माणसाकडून जी अपेक्षा ठेवली तिचा आहे. नव्या संसदभवनात, जेथे १९ सप्टेंबर २०२३ पासून कामकाज भरू लागले, तसे मध्यवर्ती सभागृहच नाही, आणि करोनाच्या साथीत वार्ताहरांच्या प्रवेशावर आलेले निर्बंधही बराच काळ रेंगाळले. त्याबद्दल वार्ताहरांनी केलेली तक्रार रास्तच होती. पण सान्निध्य गेले तरी गठ्ठा उरतो, ही गोष्ट त्या तक्रारीत कोणी फारशी बोलून दाखविली नाही.

प्रश्नांच्या गठ्ठ्यावर कोणाची तरी नजर असणे किती आवश्यक आहे, हे प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी दिसून आले होते. मुंबईचे सभासद हु. गु. मुद्गल हे मूळचे पत्रकार. न्यूयॉर्कमध्ये मार्कस गार्वी यांच्या 'निग्रो वर्ल्ड'चे संपादन केलेले गृहस्थ. सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून पैसे घेऊन त्यांच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचा ठपका त्यांच्यावर आला, आणि १९५१ च्या सप्टेंबरात बडतर्फीचा ठराव नेहरूंनी स्वतः मांडला असता त्यांनी राजीनामा दिला. चोपन्न वर्षांनी, २००५ च्या डिसेंबरात, प्रश्नासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांचे सभासदत्व रद्द झाले. त्यांत दोघे आपल्या खानदेशचे होते. या वेळी सापळा लावणारे पत्रकारच होते. मला मात्र वाटते, की कॅमेऱ्याची वाट न पाहता, कोणता सभासद कोणत्या उद्योगाविषयी वरचेवर प्रश्न टाकतो याची नुसती टाचणवही एखाद्याने ठेवली असती, तरीही पुष्कळ काही उमगले असते.

आता आपण आपल्या अरण्यप्रदेशाकडे वळू. १९६२ च्या लोकसभेत पूर्व विदर्भातून दोन अपक्ष गेले. एक नागपूरचे बापूजी अणे, वयाची ऐंशी वर्षे उलटलेले, स्वतंत्र विदर्भाचा ध्यास घेतलेले, माजी राज्यपाल आणि माजी संपादक. ते बोलण्यास उभे राहिले की गॅलरीतील लेखण्या सावरल्या जाणे साहजिक होते. दुसरे चांद्याहून निवडून आलेले लाल श्याम शाह, पानाबारसचे गोंड जमीनदार, ज्यांनी जमीनदारीपेक्षा आदिवासींच्या चळवळीत अधिक आयुष्य वेचले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी दंडकारण्यातील जंगल तोडले जात असता त्या जंगलातील मूळ रहिवाशांस कोणी विचारीत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ते सभागृहात ऐकले जाईना, तेव्हा १९६४ साली त्यांनी लोकसभेच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. तत्त्वासाठी खासदारकी सोडणारा माणूस ही कोणत्याही काळात बातमीच होय. तरीही चार पिढ्यांना ठाऊक असलेले नाव अण्यांचे आहे. शाहांचे नाव आज गडचिरोलीतही सांगावे लागते. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. अण्यांपाशी एके काळी स्वतःचे पत्र होते, नागपूरच्या संपादकांचा परिचय होता, सभागृहास परिचित अशी भाषा होती. शाहांच्या बाजूने लिहिणारा वार्ताहर दिल्लीत नव्हता, आणि जो होता त्याला पानाबारस कोठे आहे हे माहीत नव्हते.

या हकीकतीची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ज्या निर्वासितांसाठी जंगल तुटले, त्यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्याच दशकात चामोर्शी आणि मुलचेरा भागात वसविली गेली. त्यांची गावे आज तेथे नांदत आहेत, त्यांच्या शाळांत बंगाली ऐकू येते, आणि त्यांतील नमःशूद्रांस बंगालप्रमाणे येथेही अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा, ही मागणी घेऊन तेही दिल्लीकडेच डोळे लावून आहेत. एकाच तालुक्यातील दोन समाजांची गाऱ्हाणी एकमेकांना छेद देतात आणि दोन्हींचा निवाडा संसदेत होतो. असा विषय हाताळण्यास वार्ताहराजवळ सहानुभूतीपेक्षा कागदांची माहिती अधिक असावी लागते.

त्याचा कस लागला तो वनहक्क विधेयकाच्या वेळी. १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत मांडलेले विधेयक केवळ अनुसूचित जमातींपुरते होते, आणि त्यातील निर्णायक तारीख होती २५ ऑक्टोबर १९८०. म्हणजे त्या दिवसानंतर जंगलजमीन कसू लागलेला माणूस हक्कास पात्र नव्हता. विधेयक व्ही. किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीने पाव शतकाने तारीख पुढे ओढून ती १३ डिसेंबर २००५ केली, आणि आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींसही कायद्यात जागा द्यावी अशी शिफारस केली. डिसेंबर २००६ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा ही दोन्ही कलमे त्यात होती. जमिनीची मर्यादाही चार हेक्टरपर्यंत वाढली. मात्र इतरांसाठी एक अट बसली: तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची, वस्ती सिद्ध झाली पाहिजे. चामोर्शीसारख्या तालुक्यात, जेथे गोंड आणि माडियांच्या शेजारी कुणबी, ढीवर, तेली, दलित आणि बंगाली अशी सारी माणसे जंगलाच्या कडेने राहतात, तेथे या एका अटीने कोण आत आणि कोण बाहेर हे ठरले. साठीच्या दशकात आलेला माणूस २००५ साली पंचाहत्तर वर्षांची वस्ती कोठून दाखविणार? आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिलेल्या ढीवराने तरी दस्तऐवज कोठून आणावा? नियमांनी वयोवृद्धांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरला, हे त्याला वेळेवर कोणी सांगितले असते, तर त्याच्या अर्जाचे भवितव्य कदाचित निराळे झाले असते. समितीचा अहवाल, विधेयकाचा मूळ मसुदा आणि मंजूर कायदा हे तीन कागद शेजारी ठेवून वाचणे, एवढेच काम होते.

बांबूची कथा याहूनही बोलकी. २००६ च्या कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवून त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला होता. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना वन खाते देईना, कारण १९२७ च्या कायद्यात बांबू झाडांत मोडत होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. ज्या जिल्ह्यातील बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागदगिरणीकडे गेला, तेथे ही घटना सामान्य नव्हती. पुढे नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकमाने आणि त्यापाठोपाठ संसदेने बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळले, तेव्हा बांबू आता मुक्त झाला, असे मथळे झळकले. ती दुरुस्ती वनक्षेत्राबाहेरील बांबूपुरती होती. शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्यास तिचा लाभ होता. जंगलातील बांबू तोडणाऱ्या गडचिरोलीच्या माणसाची स्थिती तिने तसूभरही बदलली नाही. त्याचा हक्क ज्या कायद्यात होता तो अकरा वर्षांपूर्वीच मंजूर झालेला होता. मथळे लिहिणाऱ्यांनी दुरुस्तीचे दीड पानही वाचले नसावे, असा निष्कर्ष काढल्यावाचून राहवत नाही.

२००९ पासून चामोर्शी गडचिरोली-चिमूर या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात मोडते. आमगावपासून अहेरीपर्यंत सहा विधानसभा क्षेत्रे आणि तीन जिल्हे कवेत घेणाऱ्या या मतदारसंघाने मारोतराव कोवासे, दोनदा अशोक नेते आणि २०२४ साली नामदेव किरसान यांना दिल्लीस पाठविले. त्यांनी काय विचारले आणि खात्याने काय उत्तर दिले, हे आज संसदेच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येते. कामकाज दूरदर्शन संचावर आणि हातातल्या फोनवर थेट दिसते. म्हणजे अण्यांच्या काळी गॅलरीतल्या माणसाची जी मक्तेदारी होती ती संपली. चामोर्शीचा तालुका-वार्ताहर, जो बहुधा अंकाची एजन्सीही चालवितो आणि जाहिरातींची वसुलीही करतो, तो मनात आणील तर बसस्थानकाच्या चहाच्या टपरीवरून अतारांकित प्रश्नाचे उत्तर उघडू शकतो. त्यात त्याला वनहक्काच्या दाव्यांचे कोष्टक सापडते, परंतु बहुधा राज्यनिहाय: महाराष्ट्रात इतके अर्ज आले, इतके मंजूर, इतके नामंजूर. कोनसरीच्या पोलाद प्रकल्पाकडे खनिज वाहणाऱ्या मालमोटारींनी उखडलेल्या रस्त्याबद्दल विचारलेल्या प्रश्नासही हा विषय राज्य शासनाच्या अखत्यारीत येतो, असे उत्तर येऊ शकते. आपल्या तालुक्याची ओळ त्या कोष्टकात नसते. ती गडचिरोलीच्या जिल्हास्तरीय समितीच्या आणि त्याखालच्या उपविभागीय समितीच्या दप्तरात असते. तेथून माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ती काढावयाची, दिल्लीच्या कोष्टकाशेजारी मांडावयाची आणि दोन्हींत जो फरक पडेल तो घेऊन खासदाराच्या कचेरीत जाऊन पुढच्या अधिवेशनासाठी नव्या प्रश्नाची सूचना मुदतीत, म्हणजे पंधरा दिवस आधी, रुजू होईल असे पाहावयाचे.